एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झेरमाट: बर्फाचा अहवाल वाचायचा कसा?

चौकस

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला पाच दिवस मुक्काम आहे. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. एकाला निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवर बरं स्की करता येतं, मुलगी आणि दुसरं माणूस पार शून्यापासून. सासूबाई स्की करणार नाहीत, पण बर्फ जवळून पाहायचाय आणि झेपलं तर अगदी वरच्या स्टेशनपर्यंत जायचंय.

अडचण अहवालाची आहे. रोज पाहतो तेव्हा काहीसं असं दिसतं: गाव ० सेमी, डोंगर २४० सेमी, नवा बर्फ ० सेमी, शेवटचा हिमपात नऊ दिवसांपूर्वी. आणि खाली लिहिलेलं, परिस्थिती चांगली. गावात शून्य आणि नऊ दिवसांत काही पडलं नाही, तर चांगली कशी? जाहिरात समजायची का? शिवाय हिमस्खलनाचा धोका २ की ३ हे दुसऱ्याच पानावर असतं, ते आमच्यासारख्यांनी बघायचं की नाही? इटलीच्या बाजूला उतरून परत येता येतं म्हणतात, त्याचंही सांगा. एवढ्या आकड्यांतले सकाळी नेमके कोणते पाहून बाहेर पडायचं?

हिमरेषा

जाहिरात नाही, पण ते आकडे तुम्हाला वाटतं त्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

गाव १६२० मीटरवर आहे, सुनेगा २२८८, त्रोकेनर श्टेग २९३९, गोर्नरग्राट ३०८९, रोटहोर्न ३१०३ आणि सगळ्यात वरचं केबल कार स्टेशन ३८८३ मीटरवर. म्हणजे एकाच तिकिटात सव्वादोन हजार मीटरचा फरक. एप्रिलमध्ये गावात शून्य सेंटिमीटर असणं अगदी नेहमीचं. त्याचा अर्थ एवढाच, की शेवटचा टप्पा, म्हणजे गावापर्यंत स्कीवर उतरणारी वाट बंद असेल किंवा तिच्यावर चिखल आणि उरलेल्या कृत्रिम बर्फाचा पट्टा असेल. फूरीहून किंवा सुनेगाहून लिफ्टनं खाली या, संपलं.

डोंगरावरचे २४० सेमी हे एका मोजणी खांबाजवळचे असतात. वाऱ्यानं उघडा पडलेला कडा आणि बर्फ साठलेली घळ यांच्यात तेवढ्याच उंचीवर दीड-दोन मीटरचा फरक सहज पडतो. आणि पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी सारख्या केलेल्या उतारावर, १५० सेमी आहेत की २५० यानं स्की करणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही. गवताळ उतारावर दाबलेला ४०-५० सेमी बर्फ पुरतो, खडकाळ जागी जास्त लागतो. खोलीचा आकडा हंगाम किती टिकेल ते सांगतो, आजचा दिवस कसा जाईल ते नाही.

शंका असेल तर ताळा करायची जागा आहे. दावोसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेची, म्हणजे एसएलएफची, स्वयंचलित केंद्रं स्वित्झर्लंडभर उंचावर आहेत. त्यांची बर्फाची जाडी, तापमान आणि वारा फुकट पाहता येतो. लिफ्ट कंपनीनं लिहिलंय २० सेमी नवा बर्फ आणि आसपासचं केंद्र दाखवतंय ५, तर कंपनीनं सर्वात वरच्या, सर्वात भरलेल्या जागेचा आकडा घेतलाय असं समजा. खोटं नसतं, निवडलेलं असतं.

नव्या बर्फाच्या आकड्यातही एक मेख आहे. थंडीत पडलेला भुसभुशीत बर्फ म्हणजे साधारण एक मिलिमीटर पाण्याला एक सेंटिमीटर. शून्याच्या आसपास पडलेला बर्फ ओला, जड असतो, तेवढ्याच पाण्याचा थर निम्मा भरतो. शिवाय पडलेला बर्फ स्वतःच्या वजनानं बसतो. सकाळी ३० असलेला संध्याकाळी २२ दिसला तर आठ सेंटिमीटर वितळलेच असं नाही.

तुम्ही पाहायचा आकडा वेगळाच आहे: शून्य अंशाची रेषा किती मीटरवर आहे. हवामानाच्या अंदाजात ती रोज असते. उंची दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश तापमान उतरवते. रेषा २८०० वर असेल तर गावात ७-८ अंश, वरच्या टोकाला उणे ७. पाऊस आणि बर्फ यांची सीमा त्या रेषेच्या साधारण २०० ते ३०० मीटर खाली असते. म्हणजे रेषा २८०० वर असताना ढग आले तर सुनेगाला पाऊस आणि त्रोकेनर श्टेगला बर्फ. रोज सकाळी हा एक आकडा पाहिलात तरी निम्मं काम झालं.

गोठणबिंदू

हिमरेषा यांच्याशी सहमत, पण एप्रिलमध्ये नुसती रेषा पाहून फसायला होतं. रात्री आकाश मोकळं होतं की ढगाळ, हे तितकंच महत्त्वाचं.

निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग उष्णता थेट आकाशात सोडतो आणि हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतो. त्यामुळे हवा अधिक दोन अंश असली तरी वरचा थर गोठतो. ढगाळ रात्री ती उष्णता ढगांतून परत येते, थर गोठतच नाही, आणि सकाळी नऊलाच पाय रुतणारा लगदा मिळतो. अहवालात दोन्ही दिवशी "वसंतातला बर्फ" एवढंच लिहिलेलं असतं!

गोठलेल्या दिवसाचा क्रम ठरलेला असतो. लिफ्ट उघडतात तेव्हा उतार काचेसारखा कडक. बर्फ सारखा करणाऱ्या गाडीनं रात्री ओढलेल्या बारीक नळ्यांसारख्या रेघा तशाच गोठलेल्या असतात आणि स्कीखाली खर्रर्र असा आवाज येतो. स्कीच्या कडा धारदार नसतील तर नवशिक्याची स्की आडवी घसरते, ब्रेक लागत नाही. मग सूर्य लागला की वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात, खालचा थर घट्टच राहतो. हीच ती वेळ, जर्मनवाले जिला फिर्न म्हणतात. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, पश्चिमेकडचे सर्वात शेवटी. उत्तरेकडचे उंचावरचे उतार दिवसभर हिवाळ्यासारखेच राहू शकतात. साधारण साडेनऊ ते बारा या वेळात उतार बदलत राहायचं. एकनंतर खालचे उतार लापशी होतात, गुडघे तिथेच मुरगळतात.

शिकणाऱ्यांसाठी म्हणून सांगतो: आठच्या पहिल्या लिफ्टसाठी धावू नका. साडेनऊला सुरुवात, एकला आवरतं. उलट तुमच्यातलं स्की येणारं माणूस सकाळी लवकर वर हिमनदीवरच्या उतारांवर जाऊ शकतं, तिथं बर्फ तीन हजार मीटरच्या वर असल्यानं दुपारपर्यंत कोरडा असतो.

अहवालातले जर्मन शब्द तेवढे पाठ करा. पुल्व्हर म्हणजे भुसभुशीत कोरडा. हार्ट म्हणजे कडक. नास म्हणजे ओला. सुल्त्स म्हणजे दुपारचा जाड दाण्यांचा लगदा. कुन्स्टश्ने म्हणजे कृत्रिम. शेवटच्याला नाक मुरडू नका, तो दाट असल्यानं ऊन लागूनही सर्वात शेवटी जातो. एप्रिलमधले खालचे उतार त्याच्याच जिवावर उघडे असतात.

आणि एक. वसंतात कधीकधी सहारातली धूळ येऊन बर्फ पिवळसर-तांबूस होतो. गडद पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो, लवकर वितळतो आणि स्की अचानक चिकटल्यासारखी थांबते. भाड्याच्या दुकानात उष्ण, ओल्या बर्फाचं मेण लावून मागा. लावायला फार वेळ लागत नाही, पण मागितल्याशिवाय कुणी लावत नाही.

वाराफिरला

अहवालातली सर्वात कामाची ओळ कुणी अजून काढलीच नाही: किती लिफ्ट उघड्या आणि नेमक्या कोणत्या. २४० सेंटिमीटर बर्फ असून वरची केबल कार वाऱ्यानं बंद असेल तर काय उपयोग?

झेरमाटचे तीन भाग आहेत आणि तिघांचं दुखणं वेगळं. सुनेगा-रोटहोर्नचा पहिला टप्पा बोगद्यातून जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी रेल्वे, तिला वाऱ्याचं काही नाही. गोर्नरग्राटला दातेरी रुळांची रेल्वे जाते, १८९८ पासून, ३३ मिनिटांत. जोराच्या वाऱ्यात केबल कार थांबल्या तरी ती बहुधा चालू असते. तिसरा भाग म्हणजे श्वार्झे, त्रोकेनर श्टेग आणि ३८८३ मीटरचं टोक. सर्वात उंच, सर्वात उघडा, वाऱ्यानं सर्वात आधी बंद होणारा. दक्षिणेकडून फ्योन, म्हणजे डोंगर ओलांडून येणारा कोरडा वारा, वाहू लागला की गावात निळं आकाश, कोवळं ऊन, पानही हलत नाही, आणि वर टोकावर सगळं ठप्प. गावातून खिडकीबाहेर पाहून ठरवू नका. कंपनीच्या नकाशावर हिरवं-लाल पाहा, आणि वेबकॅम पाहताना चित्रावरची वेळ आधी पाहा. काल संध्याकाळचं गोठलेलं चित्र पाहून लोक निघतात.

अंदाजात वाऱ्याचा झोत किती ते बघा. उणे १० अंश आणि ताशी ४० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे २१ सारखं. मुलीच्या नाका-गालांवर पांढुरका डाग दिसला तर चोळायचं नाही, आत न्यायचं आणि उबदार हात नुसता ठेवायचा.

झेरमाटचा मोठा हिमपात बहुतेक वेळा दक्षिणेकडून येतो. भूमध्य समुद्रावरची ओली हवा इटलीच्या बाजूनं डोंगरावर चढते आणि कड्यावरून सांडते. एरवी ही दरी कोरडी, उंच डोंगरांनी सगळीकडून अडवलेली. म्हणून उत्तर स्वित्झर्लंडचा अंदाज इथं लावू नका. सांडतं तेव्हा असं सांडतं की दरीचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही हिमस्खलनाच्या भीतीनं बंद होतात. जानेवारी २०१८ मध्ये सुमारे १३ हजार पर्यटक गावात अडकले होते, आणि एप्रिल २०२५ मध्येही गाव तुटलं होतं. म्हणजे एप्रिल आहे म्हणून निर्धास्त राहायला नको. परतीचं विमान गाव सोडायच्याच दिवशी ठेवू नका, मधे एक रात्र झ्युरिक किंवा जिनिव्हाला टाका. झ्युरिक विमानतळ व्हिस्पला गाडी बदलून साडेतीन तास, जिनिव्हा चारच्या आसपास.

गाडीनं येत असाल तर टेशला गाडी सोडावी लागते. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. टेशहून शटल रेल्वे १२ मिनिटं. गावात छोट्या विजेच्या टॅक्स्या फिरतात, आवाज नसतो, अरुंद गल्लीत मागून येतात. सासूबाईंना रस्त्याच्या कडेनं चालायला सांगा.

चौकस

फारच उपयोगी. तीन शंका. शिकणाऱ्या दोघांनी नेमकं कुठं जायचं? बूट भाड्यानं घेताना काय पाहायचं, कारण मागे कुठेतरी वाचलं की निम्म्या लोकांची सुट्टी बुटांनी वाया जाते. आणि नकाशावर काही रेषा पिवळ्या आहेत, त्या निळ्याहून सोप्या का?

तिसरा_बकल

पिवळ्याचं आधी, कारण ती चूक महागात पडते. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड, आणि पिवळी ही अवघडपणाची पायरीच नव्हे. पिवळी वाट खुणा लावलेली आणि हिमस्खलनापासून सांभाळलेली असते, पण तिच्यावर बर्फ सारखा करणारी गाडी फिरवत नाहीत. वर ढेकळं, खड्डे, गोठलेले माग, जे असेल ते. शिवाय कुणी मागे राहिलंय का हे पाहणारी बचाव पथकाची दिवसाअखेरची फेरी पिस्टवर होते, तशी तिथं होईल असं धरू नका. शिकणाऱ्यांनी तिकडे पाहूही नये.

शिकायची जागा: गावातच बालवाडीसारखा उतार असेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि खरं सांगायचं तर अगदी नवख्यांसाठी झेरमाट हे काही पहिलं नाव नव्हे. सुनेगाला वर गेल्यावर लाइझे तळ्यापाशी नवशिक्यांचं मैदान आहे, तिथं सरकते पट्टे आहेत, पायाखाली चालत्या गालिच्यासारखे. पहिले दोन दिवस तिथंच. मग गोर्नरग्राटच्या रेल्वेवरच्या रिफेलबेर्गच्या आसपासचे निळे उतार. पूर्ण भागाचा पास पहिल्याच दिवशी घेऊ नका, नवशिक्याला तो लागत नाही. खिडकीवर नवशिक्यांच्या भागापुरतं तिकीट मागा.

आता बूट. माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. भिंतीला टाच टेकवून उभं राहा, सर्वात लांब बोटापर्यंत मोजा, दोन्ही पाय. २६.३ आलं तर २६.५ चा बूट. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं बाहेरचं कवच एकच असतं, त्यामुळे "अर्धा नंबर मोठा द्या" यानं फारसं काही बदलत नाही. लोक बोटांना मोकळं वाटावं म्हणून एक-दोन नंबर मोठा घेतात आणि मग पाय आत हलतो म्हणून बकल आवळतात. पाऊल बधिर होतं ते त्यानं, थंडीनं नाही.

घालताना: एकच पातळ लांब मोजा. दोन मोजे घातले की घडी पडते आणि नडगीवर वळ उठतो. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही, बुटाच्या काठाच्या वर संपली पाहिजे. जीभ पुढे ओढून पाऊल घाला, टाच जमिनीवर दोनदा मागे ठोका, म्हणजे ती खळग्यात बसते. आधी घोट्याजवळचं बकल हलकं लावा, मग वरची दोन, मग गुडघा पुढे वाकवून वरची आणखी एकेक दात घट्ट. पंजावरचं सर्वात खालचं बकल नुसतं टेकवायचं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. वाकवूनही लागत असतील तर लहान, सरळ उभं राहूनही लागत नसतील तर मोठा. दुकानात दहा मिनिटं घालून फिरा. गुडघे वाकवताना टाच वर उचलली जात असेल तर दुसरा मॉडेल मागा, नंबर नाही. त्या दुकानांत हे रोजचंच आहे, संकोच करू नका.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं कुलूप, किती जोरावर सुटायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची पातळी यावर ठरतं. वजन खरं सांगा. पाच किलो कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटेल, पातळी फुगवून सांगितली तर पडताना सुटणारच नाही आणि गुडघ्याचा सांधा जाईल. मुलीसाठी स्की हनुवटीपर्यंतची पुरे.

आणि स्की घालण्याआधी बुटाचा तळवा खरवडा. ओल्या एप्रिलमध्ये तळव्याखाली बर्फाचं ढेकूळ घट्ट बसतं. पाच मिलिमीटरचं असलं तरी टाचेचं कुलूप बसत नाही, किंवा बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या वळणावर उघडतं. काठीच्या टोकानं काढा, किंवा बाइंडिंगच्या पुढच्या भागावर तळवा घासा. टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे.

हिमरेषा

हिमस्खलनाच्या पातळीचं राहिलंच होतं. युरोपची मोजपट्टी १ ते ५ आहे: कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा, अतिमोठा. एसएलएफचं पत्रक हिवाळ्यात संध्याकाळी ५ आणि सकाळी ८ ला येतं. हे आकडे पिस्टबाहेरच्या, न सांभाळलेल्या भागासाठी आहेत. उघडी असलेली पिस्ट सांभाळलेली असते, म्हणून पातळी ३ ला निळ्या उतारावर घाबरायचं कारण नाही. पण ३ हा मधला आकडा म्हणून "ठीकठाक" असंही नाही. स्वित्झर्लंडमधले हिमस्खलनाचे साधारण निम्मे बळी पातळी ३ ला जातात, कारण त्या दिवशी आकाश सुंदर असतं आणि लोक बाहेर पडतात.

तुम्हाला त्याचा उपयोग दोन ठिकाणी. पातळी ४ किंवा ५ असेल तर सकाळी स्फोट घडवून बर्फ पाडतात, लिफ्ट उशिरा उघडतात, म्हणून घाईनं रांगेत उभं राहू नका. आणि वसंतात पत्रकात बऱ्याचदा दोन नकाशे येतात, सकाळचा कोरड्या बर्फाचा आणि दुपारी वाढत जाणारा ओल्या बर्फाचा. दुसऱ्यात आकडा चढत असेल तर दुपारी खालच्या हिवाळी पायवाटा बंद होऊ शकतात. पायी फिरणाऱ्यांच्या वाटांच्या पाट्या गुलाबी असतात.

हिमनदीच्या भागात मात्र पिस्टच्या खांबांबाहेर दहा पावलंही नाही, फोटोसाठीही नाही. बर्फाच्या पातळ पुलाखाली भेगा असतात आणि वरून काहीही दिसत नाही.

संथ_चाल

सासूबाईंसाठी थोडं.

गावातून ३८८३ मीटरला पोहोचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्के. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बीपी, हृदय किंवा फुफ्फुसाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तरी पहिल्या दिवशी वर नेऊ नका. पहिला दिवस गाव, दुसऱ्या दिवशी सुनेगा, तिसऱ्या दिवशी गोर्नरग्राट, आणि बरं वाटलं तर चौथ्या दिवशी टोक. वर गेल्यावर सावकाश चालायचं, जिन्यावर घाई नाही, तासाभरात खाली. डोकं जड झालं, मळमळलं तर गोळी घेऊन बसायचं नाही, पुढच्या केबल कारनं खाली यायचं. माझं मत विचाराल तर गोर्नरग्राटच पुरेसं आहे. बसून जाता येतं, खिडकीतून माटरहोर्न शिखर दिसतं आणि वर हॉटेलात उबेला बसता येतं. चढताना उजव्या बाजूची खिडकी धरा.

मुलीला एक दिवस स्कीचा कंटाळा आला तर त्याच रेल्वेवर रोटेनबोडेन ते रिफेलबेर्ग दीड किलोमीटरची स्लेजची वाट आहे. एप्रिलमध्ये चालू आहे का ते आधी पाहा. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर मात्र कोणत्याही पिस्टवर पायी किंवा स्लेजवर जाऊ नका. तीव्र उतारावर बर्फाच्या गाड्या वरच्या खुंटाला बांधलेल्या पोलादी दोरावर चालतात. तो दोर एक किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो, बर्फात पुरलेला असतो आणि अचानक ताणून वर उसळतो. अंधारात दिसत नाही.

बुटांना लावायची रबरी खिळेपट्टी घ्याच. गावातल्या रस्त्यावर दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं, आणि पडण्याची खरी जागा डोंगर नव्हे, हॉटेलचं दार असतं.

उन्हाचं हलकं घेऊ नका. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. नाकपुड्यांच्या आत, हनुवटीखाली, कानांमागे क्रीम लावा, खालून येणारं ऊन तिथं भाजतं. चष्मा गडदपणाच्या वर्ग ३ चा, हिमनदीवर ४ चा. धुक्याच्या दिवसासाठी वर्ग १ ची फिकट काच वेगळी लागते. धुक्यात बर्फ आणि आकाश एकच होतं, पुढे चढ आहे की उतार कळत नाही, काहींना उभ्याउभ्या चक्कर येते. अशा दिवशी झाडांच्या उंचीपर्यंत खाली या. झाडांचे काळे बुंधे दिसले की डोळ्यांना आधार मिळतो.

विमा तपासा. व्हिसासाठीचा ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा वेगळा आणि स्कीचा वेगळा. अनेक प्रवास विम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात किंवा जादा हप्त्यानं मिळतात. "पिस्टवरचं बचावकार्य आणि हेलिकॉप्टर" हे शब्द पॉलिसीत शोधा. अपघात झाला तर दोन स्की जखमी माणसाच्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणारे वळतील, आणि पिस्टचा क्रमांक पाहून फोन करा. स्वित्झर्लंडभर हेलिकॉप्टरसाठी १४१४ सांगतात, पण झेरमाट व्हाले प्रांतात आहे आणि तिथं १४४ लावायचा. इटलीच्या बाजूला ११२.

वाराफिरला

इटलीचा प्रश्न राहिला. तिकडच्या चेर्व्हिनिया गावाला उतरायला आंतरराष्ट्रीय पास लागतो, साधा झेरमाटचा चालत नाही. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पासपोर्ट जवळ ठेवा. इटलीच्या पिस्टवर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे, पास घेतानाच दिवसापुरता मिळतो. हेल्मेट तिकडे नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयांना सक्तीचं झालंय. स्वित्झर्लंडमध्ये सक्ती नाही, पण तिघांनीही घाला.

परतीचा हिशेब उलटा मांडा. चेर्व्हिनिया गाव २०५० मीटरवर, आणि परत यायला सीमेवरच्या थिओडुल खिंडीपर्यंत किंवा ३४८० मीटरच्या टेस्टा ग्रिजापर्यंत एकामागून एक लिफ्ट घ्याव्या लागतात. शेवटच्या लिफ्टची वेळ म्हणजे तुम्ही तिच्यात बसायची वेळ, रांगेत लागायची नव्हे. तिच्या दीड तास आधी गावातून निघा. आणि या दोन्हीकडचे वरचे टप्पे वाऱ्यानं बंद झाले तर स्कीनं परतायचा दुसरा मार्ग नाही. रस्त्यानं आओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्ड बोगदा, मार्टिन्यी, व्हिस्प असा तीन-चार तासांचा वळसा आणि टॅक्सीचं बिल. सकाळच्या अंदाजात दुपारनंतर वारा वाढणार असं दिसलं तर त्या दिवशी सीमा ओलांडू नका.

तुमच्यातलं एकच माणूस निळ्यावर बरं असेल तर हा दिवस त्यानं शेवटी ठेवावा, आणि एकट्यानं जाऊ नये.

चौकस

मग रोज सकाळचा क्रम असा धरतो: लिफ्टचा नकाशा, शून्य अंशाची रेषा, रात्री ढग होते का, वरचा वारा. खोलीचा आकडा सोडून देतो. बरोबर?

गोठणबिंदू

बरोबर, फक्त "रात्री ढग होते का" हे झोपेतून उठून कळणार नाही. सकाळी सातला हॉटेलबाहेरच्या बर्फाच्या ढिगावर बूट ठेवून वजन टाका. वर उभं राहता आलं तर गोठलंय, घोट्यापर्यंत आत गेला तर त्या दिवशी खालचे उतार नाहीत, थेट वर जा.